पाणीपाळीचं इंटरनेट

हैल लूमी गावात मुहन्ना बिन थानी या माणसाला कुणी काही फुकट द्यायच्या भानगडीत पडत नसे. दिलंच, तर तो दुप्पट परत करायचा आणि वर महिनाभर तुमच्याकडे संशयानं बघायचा. शेजारणीनं ईदचा हलवा पाठवला की संध्याकाळच्या आत तीच ताटली लिंबांनी भरून परत. बायको झुवैना म्हणायची, "लोकांना वाटतं आपण त्यांच्या हलव्यावर रागावलोय."

"वाटू दे," तो म्हणायचा.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गावच्या फलजचा, म्हणजे डोंगराच्या पोटातून खोदून आणलेल्या पाटाचा, तो पाटकरी होता. त्याच्या आधी त्याचा बाप, बापाच्या आधी चुलता. कुणाच्या खजुरीला किती वेळ पाणी जायचं हे वाडवडिलांपासून ठरलेलं. ज्याचा जेवढा वाटा तेवढी त्याची पाळी. मशिदीमागे रोवलेल्या काठीची सावली एका दगडावरून दुसऱ्या दगडावर सरकली की मुहन्ना एका बागेचं दार बंद करायचा आणि पुढच्या बागेचं उघडायचा. त्याच्या मनगटावर मुलानं मस्कतहून आणलेलं घड्याळ होतं, नाही असं नाही. पण घड्याळाचा सेल संपतो, उन्हाचा संपत नाही, असं त्याचं म्हणणं. या कामात त्यानं सख्ख्या भावाला कधी पसाभर पाणी जास्त दिलं नाही आणि भांडलेल्या माणसाला कमी दिलं नाही. म्हणून लोक त्याला तोंडावर अबू नबहान, म्हणजे थोरल्या नबहानचा बाप, म्हणायचे आणि पाठीमागे 'काठी'.

तर या काठीला तीन मुलं. नबहान आणि त्याचा धाकटा भाऊ केव्हाच मस्कतला गेले, तिथलेच झाले. घरी राहिली ती मधली, शम्सा. शिकायला तीही गेली होती, पण शिक्षण संपल्यावर सामानसुमान घेऊन ती डोंगर चढून परत आली, आणि का आलीस असं बापानं विचारलं नाही. ती इमारतींचे नकाशे काढायची, मस्कतच्या एका कंपनीसाठी, घरबसल्या. आता घरबसल्या म्हणायचं आपलं. गावात फोनवर चित्र उमटेपर्यंत कॉफी निवायची. म्हणून सकाळी ती बापाची जुनी पिकअप घेऊन खिंडीतल्या वळणावर जायची, जिथे समोरच्या डोंगरावरून बरा सिग्नल यायचा, आणि पुढच्या सीटवर मांडीवर संगणक घेऊन काम पाठवायची. उन्हाळ्यात गाडी भट्टी व्हायची. दोन वर्षं तिनं हे केलं आणि एकदाही कुरकुर केली नाही. त्या बाबतीत ती बापावर गेली होती.

मग कंपनीनं कळवलं की काम वाढलंय, असं वळणावर बसून आता भागणार नाही. घरी इंटरनेटची पक्की लाइन घ्या नाहीतर मस्कतच्या कार्यालयात या. घाई नाही, पण हिवाळ्यापर्यंत काय ते ठरवा.

शम्सानं हे जेवताना सांगितलं. मुहन्नानं भातातला माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि विचारलं, "मग तुझं काय म्हणणं?"

"मला इथे राहायचंय, बाबा. पण तुमचं काय म्हणणं?"

"माझं काय असणार? तुझं काम आहे," तो म्हणाला, आणि पुढचा घास घेतला. झुवैनानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि तिला दोघांचाही राग आला.

त्याच सुमारास सरकारी खात्याची बाई आली. इब्तिहाल तिचं नाव, इंजिनियर होती, गाडी लागल्यामुळे जरा हिरवीपिवळी झालेली. गावाच्या सबल्यात, म्हणजे बैठकीच्या खोलीत, तिला कॉफी आणि खजूर मिळाल्यावर ती माणसात आली आणि बोलायला लागली. डोंगरातल्या गावांसाठी इंटरनेटची योजना होती. खालून तार आणायचा खर्च सरकारचा. महिन्याच्या बिलातला मोठा भागही पहिली काही वर्षं सरकारच भरणार, उरलेलं घरटी थोडं थोडं. फक्त तार पाटाच्या कडेनं न्यावी लागणार होती, दुसरी वाट नव्हती, म्हणून फलजच्या लोकांची आणि पाटकऱ्याची संमती हवी.

सगळ्यांनी मुहन्नाकडे पाहिलं.

मुहन्ना म्हणाला, "बिल कोण भरणार म्हणालीस, मुली?"

"सरकार, काका. बहुतेक सगळं."

"आणि पुढे सरकारनं नाही भरलं तर?"

इब्तिहाल प्रामाणिक होती. म्हणाली, "पुढचं मी कसं सांगू?"

"मग मी सांगतो. पाटाचं दार ज्याच्या हातात, पाणी त्याचं. आज ते उघडतील, उद्या बंद करतील, आणि आपण तोंड वासून बसू. या गावानं आपला पाट आपल्या हातांनी राखलाय. पुरात फुटला तेव्हा माझ्या आज्यानं गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून दगड लावले. कुणापुढे हात पसरला नाही."

हमदान लगेच त्याच्या बाजूला आला. हमदान म्हणजे फौजेतून निवृत्त झालेला, गावात पाण्याचे सगळ्यात जास्त वाटे असलेला आणि आवाज त्याहून मोठा असलेला माणूस. "बरोबर आहे. माझा नातू फुटबॉल बघणार आणि पैसे भरणार समुद्रकाठच्या सूर गावचा कोळी? का म्हणून? ज्याला हवंय त्यानं भरावं. आपण आपली थाळी बसवू, आकाशातून लाइन घेऊ, आणि जशी पाण्याची पाळी तशी लाइनची पाळी. वाटणीला अबू नबहान आहेच. याच्याइतका सरळ माणूस सरकारकडे तरी आहे का?"

स्तुती कुणाला आवडत नाही? मुहन्नालाही आवडली. कॉफीचा पेला हलवून त्यानं पुरे अशी खूण केली, आणि योजना तिथेच बारगळली. इब्तिहालनं कागद गोळा केले आणि तशीच हिरवीपिवळी डोंगर उतरून गेली.

घरी आल्यावर झुवैना म्हणाली, "शाबास. पोरीची लाइन दारात आली होती, तिला काठीनं हाकलून दिलीत."

"लाइन येणारच आहे. आपली स्वतःची."

"बघते ना."

आली, लाइन आली. वाटेवाल्यांनी वर्गणी काढली. मशिदीजवळच्या फलजच्या कोठीवर पांढरी थाळी बसली, आत खजुराच्या पोत्यांशेजारी एक डबा आणि तिथून घराघरात तारा गेल्या. एका वेळी एकाच घराची तार डब्यात खोचायची, म्हणजे त्याला भरपूर मिळतं, असं ठरलं. ती कशी खोचायची आणि कशी काढायची ते शम्सानंच बापाला शिकवलं. मुहन्नाला ते फार पटलं. दार उघडा, दार बंद करा. यात न समजण्यासारखं काय होतं?

वाटणी पाण्याच्या वाट्यांप्रमाणे. हमदानचे वाटे जास्त, म्हणून त्याच्या घरी लाइन सकाळभर. काहींची दुपार, काहींची एका दिवसाआड. पाटकऱ्याच्या घराण्याकडे जमीन कधीच फार नव्हती. मुहन्नाची पाळी आठवड्यातून एकदा यायची, ती शुक्रवारी, नमाजानंतर. मस्कतचं कार्यालय शुक्रवारी बंद.

"बाबा, दुपारची थोडी पाळी मिळाली तर..." शम्सा एकदा म्हणाली.

"कुणाची कापून देऊ?" त्यानं विचारलं. चिडून नव्हे, खरोखरच विचारलं. सकाळी शम्सा पुन्हा पिकअप घेऊन वळणावर गेली.

आणि ज्यांचे वाटेच नव्हते त्यांचं काय? त्यांचं काही नाही. खजुरी छाटणारा बांगलादेशी जलील एकदा कोठीच्या दारात येऊन उभा राहिला. तिकडे मायदेशी त्याच्या घरी मुलगी झाली होती, तिचा चेहरा बघायचा होता, घटकाभर लाइन मिळेल का? मुहन्नानं त्याला बसवलं, पाणी दिलं, खजूर दिले, आणि तुझा वाटा नाही रे बाबा, असं समजावून सांगितलं. जलील खजूर खाऊन गेला. मुहन्नाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पण नियम तो नियम.

असे दोन-तीन महिने गेले. एकदा काय झालं, झुवैना लिंबं वाळत घालायला फळ्या हव्यात म्हणून कोठीत आली. मुहन्ना काठीची सावली बघून नुकताच आत आला होता आणि एक तार काढून दुसरी खोचत होता.

"ही कुणाची?" तिनं विचारलं.

"सुलेमानच्या घराची."

"कोणता सुलेमान? तो सोहारला राहणारा?"

"तोच. त्याचे वाटे आहेत ना."

"अहो, त्या घराला सात वर्षं कुलूप आहे."

"म्हणून काय झालं? वाटा आहे. पाणी नाही का त्याच्या बागेत सोडत मी?"

"बागेत खजुरी आहेत, त्या पितात. कुलूप लावलेल्या घरात कोण पितंय?"

तार मुहन्नाच्या हातातच होती. झुवैनानं फळ्या काखोटीला मारल्या आणि दारात थांबली. ती तशी तोंडाळ बाई, पण या वेळी तिचा आवाज चढला नाही. "तिकडे रिकाम्या घरात लाइन वाहून चाललीय आणि माझी पोर वळणावर गाडीत भाजतेय. तुम्ही अन्याय करत नाही, अबू नबहान, हे मला माहीत आहे. तुम्ही कुणासाठीच काही करत नाही, हेच तर म्हणतेय मी."

ती गेल्यावर मुहन्ना पाट धरून वर चालत गेला. तशी त्याला सवय होती. डोक्यात गुंता झाला की तो पाट जिथे डोंगरातून बाहेर पडतो तिथे जाऊन बसायचा. तिथे पाट उघड्यावर येतो आणि पहिली जागा पिण्याच्या पाण्याची. तिथे कुणी हातपाय धूत नाही, भांडी घासत नाही. त्याच्या खाली मशिदीचं पाणी, मग आंघोळीच्या जागा, आणि तिथून पुढे बागा. वाटे सुरू होतात ते बागांपासून.

जलील तिथे डबा भरत होता. त्याच्या मागे एक बाई, कुठल्या तरी खालच्या गावची, वाटेत तहान लागली म्हणून गाडी थांबवून आलेली. मुहन्नानं दोघांना सलाम केला आणि दगडावर बसला. आयुष्यभर त्यानं या जागेवर कुणाला वाटा विचारला नव्हता. त्याच्या बापानं विचारला नव्हता. विचारणाऱ्याला गावानं वेड्यात काढलं असतं. मग त्या पोराला मी कोठीच्या दारातून परत का पाठवलं, हे काही केल्या त्याला कळेना, आणि कळेना म्हणून स्वतःचाच भयंकर राग आला.

आणखी एक गोष्ट त्याला आठवली, आणि खरं म्हणजे ती तो कधी विसरलाच नव्हता. आज्यानं पुरात दगड लावले हे खरं. पण डोंगरातला मूळचा बोगदा आज्यानं खणला नव्हता. गावातली म्हातारी माणसं सांगायची की फार पूर्वी मुलखावर राज्य करणाऱ्या एका इमामानं सगळ्यांच्या खजिन्यातून खर्च करून तो खणवून घेतला आणि गावाच्या हवाली केला. गावानं पुढे राखला. सबल्यात बोलताना मुहन्नानं तेवढाच भाग गाळला होता.

त्या आठवड्यात त्यानं स्वतःहून सबला भरवला. मुहन्ना स्वतःहून काही भरवतो म्हटल्यावर सगळे आले.

"मी चुकीचं बोललो होतो," तो उभा राहून म्हणाला. बसा म्हटलं तरी बसला नाही. "पाट आपण राखला, पण खणला इमामानं, सगळ्यांच्या पैशातून. तेव्हा कुणी हात पसरला असं म्हटलं नाही. मी लाइनला बागेचं पाणी समजलो आणि वाटे घातले. ते पिण्याचं पाणी आहे. सरकारला आणू दे."

हमदान उसळला. "पिण्याचं पाणी? माझा नातू दिवसभर फुटबॉल बघतो, ते पिण्याचं पाणी? उद्या सरकारनं हात आखडला की रडत माझ्याकडे येऊ नका."

"फुटबॉल नसेल पिण्याचं पाणी. जलीलची पोरगी आहे. कुठली धार कशाला लागली ते मी निवडायला बसू का? पिण्याच्या जागेवरून कुणी घागरभर नेऊन गाढवाला पाजतो, आपण बघतो आणि सोडून देतो."

"आणि सरकारनं बंद केलं तर?"

"तर ते वाईटच होईल," मुहन्ना म्हणाला. "त्यासाठी फलजच्या मालकीच्या खजुरीचं उत्पन्न थोडं बाजूला ठेवू. दुरुस्तीला ठेवतो तसं. पण पडेल म्हणून भिंतच बांधायची नाही, असं मी या डोक्यानं ठरवलं होतं, आणि तुम्ही माझं ऐकलंत. ऐकायला नको होतं."

एवढं बोलून तो बसला. बराच वाद झाला, हमदाननं दोनदा काठी आपटली, एकदा निघून गेला आणि कॉफीसाठी परत आला. शेवटी गाव तयार झालं.

दुसऱ्या दिवशी मुहन्ना ठेवणीतला पांढरा शुभ्र पायघोळ दिशदाशा घालून, डोक्याला फेटा बांधून, निझवाला खात्याच्या कार्यालयात गेला. इब्तिहालनं त्याला ओळखलं. तिला आनंदही झाला. पण या वर्षीची कामं वाटून झाली होती. हैल लूमीची जागा पलीकडच्या दरीतल्या गावाला गेली होती. "पुढच्या वर्षी नक्की, काका. तुमचं नाव मी सगळ्यात वर घालते."

"पुढच्या वर्षी," मुहन्ना म्हणाला. तिच्यासाठी आणलेली लिंबांची पिशवी त्यानं टेबलावर ठेवली. तिनं ती घ्यावी की नाही याचा ती विचार करत होती, तोवर तो जिना उतरला होता.

परत येताना वळणावर त्याला पिकअप दिसली. शम्सा पुढच्या सीटवर काम करत होती. ज्याच्या गाडीतून आला होता त्याला त्यानं थांबायला सांगितलं, उतरला आणि पिकअपच्या खिडकीशी उभा राहिला.

"पुढच्या वर्षी म्हणतात," त्यानं सांगितलं.

"कळलं, बाबा. कंपनीला मी कळवते." तिनं संगणक मिटला. मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "काय कळवू?"

त्याला बोलायचं होतं. पण लेकीच्या नोकरीच्या आड आपण कोण यायचे, असं मनात आलं, आणि आपल्यामुळे लाइन गेली हेही आलं. "तुझ्या सोयीचं ते कळव," तो म्हणाला. "काचा वर कर, धूळ येतेय."

हिवाळ्यात शम्सा गेली. जाताना झुवैना रडली, शेजारणी रडल्या. मुहन्नानं गाडीच्या चाकांतली हवा बघितली, खजुरांचं पोतं आणि वाळवलेली लिंबं मागे बांधली, दोर दोनदा ओढून पाहिला.

लाइन बोलल्याप्रमाणे पुढच्या वर्षी आली. तार पाटाच्या कडेनं आली आणि मुहन्ना रोज कामगारांबरोबर चालला, पाटाचा एक दगड हलू दिला नाही. आता घरोघरी लाइन आहे. वाटा असो नसो. जलील संध्याकाळी कोठीच्या ओट्यावर बसून पोरीशी तिच्या भाषेत गप्पा मारतो आणि ती त्याला बघून रडते. हमदान रोज म्हणतो की सरकार बंद करेल, आणि नातवाबरोबर फुटबॉल बघतो. सुलेमानच्या घराला अजून कुलूपच आहे.

मुहन्नाच्या घरी लाइन लागली त्या संध्याकाळी झुवैनानं शम्साला फोन लावला. उशीला टेकवून ठेवलेल्या पडद्यावर शम्सा आली, स्वच्छ, जणू शेजारच्या खोलीत बसली आहे अशी. मायलेकींनी पोटभर बोलून घेतलं. घर भाड्याचं आहे पण हवेशीर आहे, कार्यालयात आता तिच्या हाताखाली दोन मुली आहेत, मासे इथे ताजे मिळतात. मग झुवैनानं फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि कॉफी आणायच्या निमित्तानं उठली.

"दिसतंय का नीट, बाबा?"

"दिसतंय." मुहन्नानं घसा खाकरला. "लाइन चांगली आहे. तुटत नाही. आता तू परत ये, शम्सा. मला तू इथे हवी आहेस."

शम्सा हसली नाही.

"हे तुम्ही त्या दिवशी वळणावर म्हणाला असतात ना, बाबा," ती म्हणाली, "तर मी राहिले असते. कंपनीनं थांबायची तयारी दाखवली होती. अजून एक वर्ष काढलं असतं गाडीत. मी फक्त तुमच्या तोंडून ऐकायला थांबले होते."

चित्र अडकलं नाही, आवाज तुटला नाही. सरकारनं दिलेली लाइन अगदी पक्की होती आणि लेक समोर उत्तराची वाट बघत होती.

"मला बोलता आलं नाही," मुहन्ना म्हणाला.

"आता इथे सगळं बस्तान बसलंय, बाबा."

"हो. कळतं मला."

"गुरुवारी संध्याकाळी येते. शनिवारपर्यंत राहीन."

"ये," तो म्हणाला, आणि एवढ्यावर थांबणार होता, पण थांबला नाही. "दर गुरुवारी ये. मी वाट बघतो."